कोण नव्हे, काहून

हिंगण्याच्या त्या पंपाच्या कारखान्यात चूक झाली की एक छापील कागद निघायचा. त्यावर एकाखाली एक पाच वेळा 'का?' छापलेलं असे आणि प्रत्येक 'का'पुढे एक कोरी ओळ. चुकीच्या मुळाशी जावं म्हणून ही पद्धत आणली होती. पण मुळापर्यंत जायला फुरसत कोणाला? पहिल्या ओळीत कुणाचं तरी नाव पडायचं आणि बाकीच्या चार ओळी कोऱ्याच फायलीत जायच्या.

हे कागद भरणारा रविंद्र मेंढे लाइनच्या सुधारणा बघत असे. बेसाहून रोज मोटरसायकल दामटत यायचं आणि त्याच त्या सुधारणांचे तक्ते लावायचे, याला अकरा वर्षं झाली होती. माणूस पार थकून गेला होता.

त्या दुपारी मॅनेजर साहेबांनी कागद त्याच्या पुढ्यात टाकला. चाळीस पंप गिऱ्हाइकाकडून परत आले होते. डाव्या बाजूला उजवी पट्टी बसली होती.

"पाचच्या आत नाव लिहून सही करा," साहेब म्हणाले. "तो माणूस उद्यापासून नको."

पट्ट्या बसवायचा लहानू. ठेकेदाराकडचा, पन्नाशी उलटलेला, चौदा वर्षं त्याच जागी उभा. नाव पडलं की उद्या गेटवर त्याचं कार्ड चालणार नव्हतं आणि या वयात दुसरं काम कोण देणार? रविंद्रला हे कळत होतं. पण वाईट वाटायलाही अंगात जोर लागतो, तो त्याच्यात उरला नव्हता.

तो लाइनवर गेला. लहानू मान खाली घालून म्हणाला, "चूक माहीच हाय साहेब. लिवून टाका."

रविंद्रनं पेन काढलं. शेजारी झाकणं बसवणाऱ्या कौसल्याबाई तेवढ्यात म्हणाल्या, "कागदावर 'का' म्हंजे काहून लिवलं हाय, साहेब. तुमी तर कोण इचारून राहिले."

"एकच ते, बाई."

"एक कसं? कोण म्हटलं का माणूस सापडते. काहून म्हटलं तं खोट सापडते. या, लहानूच्या जागी उभे राहा. चार पंपाले पट्टी लावून दाखवा."

वाद घालायचाही कंटाळा, म्हणून तो उभा राहिला. पंप येत गेले. चौथ्याला त्यानं पट्टी लावली आणि कौसल्याबाईंनी ती हळूच काढून त्याच्या हातात ठेवली. डाव्या बाजूला लावलेली ती पट्टी उजवी होती.

"काहून चुकले, साहेब?"

"बाजूच्या क्रेटमधली उचलली."

"काहून?"

"दोन्ही क्रेट निळेच आहेत."

"डाव्या पट्टीचा पिवळा होता पहिले. तो काहून गेला?"

रविंद्रला आठवलं. पिवळे क्रेट त्यानंच काढले होते. मार्चमध्ये जागा वाचवायच्या मोहिमेत त्यांच्यावर 'अनावश्यक' अशी चिठ्ठी लावली होती आणि त्यासाठी टाळ्याही घेतल्या होत्या.

"लहानूले इचारलं होतं का, क्रेट काढू का म्हणून?"

"नाही."

"काहून?"

या पाचव्या प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक होतं. चौदा वर्षं तिथं उभ्या असलेल्या माणसाला त्या जागेबद्दल काही कळत असेल, असं त्याच्या मनातच आलं नव्हतं! त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं तिथंच उभ्याउभ्या पाचही ओळी भरल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'बदल मी केला. काम करणाऱ्याला विचारलं नाही.' मॅनेजर साहेबांनी कागद दोनदा वाचला. लहानूचं नाव कुठंच नव्हतं. ठपक्याचं पत्र रविंद्रच्या नावानं निघालं आणि लहानूचं काम टिकलं.

दुसऱ्या दिवशी पिवळे क्रेट परत आले. ते लावताना रविंद्रनं विचारलं, "लहानूभाऊ, या जागेत आणखी काय बदलू?"

लहानूनं आधी मागं वळून पाहिलं. कुणी दुसरं उभं असेल, असं त्याला वाटलं.

"मले इचारून राहिले का, साहेब?"

मंडळी, चूक झाली की आपण घरातही आधी माणूस शोधतो आणि कचेरीतही. माणूस सापडला की आपलं समाधान होतं आणि चूक मात्र तिथंच राहते. काम सुधारायचं असेल, तर ते करणाऱ्या हातांना आधी विचारा. चौदा वर्षं कुणी विचारलं नाही, तर माणसाला आपल्याशीच कोणी बोलतंय हेही खरं वाटत नाही.