सत्यवानाचा दुसरा माड

हे खरं मानणारा माणूस मालवण ते विजयदुर्ग अजून जन्मलेला नाही, तरी सांगतो. उद्या नारळी पुनव. होडी पाण्यात जाईल तेव्हा सुकाणू माझ्या हातात की पुतण्या धनेशच्या, ते आज ठरायचंय. म्हणून तर धनेश आणि चौघे खलाशी माझ्या पडवीत बसलेत.

मे महिन्यात मासे घेऊन परतत होतो. खडकांतून आत शिरायची आमची खूण ठरलेली. शेजारच्या सत्यवानाचा उंच माड देवळाच्या कळसाशी एका रेषेत आला की होडी सरळ घालायची. त्या दिवशी बघतो तर माड दोन! सत्यवानाचंच काम. माझी होडी त्याच्या जाळ्यावरून गेली होती, तो राग. मला खडकावर घालायला त्याने रातोरात साठ फुटी माड उभा केला. नीट बघितलं, तर कळसही दोन. म्हणजे देवालाही सामील करून घेतलेला.

"गुणाजीकाका, माड एकच आसा," धनेश म्हणाला. म्हणजे हाही फितूर.

मी एक डोळा मिटला. दुसरा माड गायब. उघडला, हजर. आता मला सांगा, मी डोळा कधी मिटतो ते सत्यवानाला कोण कळवत होतं? धनेश पुढे बसून डोकं खाजवत होता. तीच खूण असणार. तरी मी दोन माडांच्या बरोबर मधून होडी आणली.

कट्टा गावच्या डॉक्टरने रक्त तपासलं. म्हणाला, गळ्यातली थायरॉईडची गाठ मंदावलीय. त्यापायी डोळा फिरवणारे स्नायू बिघडलेत, मनगटातली नस दबलीय, म्हणून बोटांना मुंग्या येतात. गळ्यातल्या गाठीचा आणि सत्यवानाच्या माडाचा संबंध काय? डॉक्टर त्याचा पाहुणा तर नव्हे, याची मी दोन ठिकाणी चौकशी केली.

पण गोळ्या मात्र रोज उपाशीपोटी घेतल्या. आता नजर अशी, की विजयदुर्गाच्या तटावरचा कावळा डावा की उजवा पाय उचलतो ते इथून सांगतो.

एवढ्यात बायकोने, रुक्मिणीने, चहा आणून ठेवला. मी ऐटीत हात पुढे केला. बोटं मिटली ती वाऱ्यावर.

"कप हयसर आसा," ती म्हणाली. "तुमी धरुक बघतास थंय काय नाय. गोळ्यांचा पाकीट जाळ्याच्या पेट्येत तसाच पडलासा, अजून फोडूकसुद्धा नाय. डोळे खंयसून बरे जातले? धनेशा, उद्या सुकाणू तू धर."