शिमग्याच्या शर्यतीआधी पुसलेल्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना इंजिनचा ब्लॉक आहे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं बिडाचं धड. सध्या मुरबे गावाच्या किनाऱ्यावर रत्नाबाईच्या अंगणात, जाळ्याच्या दोरावर वजन म्हणून बसून असतो. माझ्या चार सिलिंडरांत पोरं खेकडे कोंडतात. कोंडोत बापडी! पण कुणी मला नुसता लोखंडाचा ठोकळा म्हटलं, की माझं डोकं फिरतं. अरे, मी शर्यतीत धावलेला गडी आहे!

मी आधी लष्कराच्या लॉरीत होतो. लॉरी मोडीत निघाली आणि रत्नाबाईच्या नवऱ्याने, भगवंतने, मला आणून आपल्या होडीत बसवलं. तेव्हा इंजिनाच्या होड्या गावात मोजक्याच होत्या. शिडाच्या होड्या वाऱ्याची वाट बघत आणि आम्ही धडधडत घरी परत. पहिल्या वर्षी माझं काय कौतुक झालं! झेंडूच्या माळा काय, नारळ काय!

मग तो घात झाला. खाडीच्या तोंडाशी पाण्याच्या नळीत शेवाळ अडकलं. थंड पाणी येईना, मी तापत गेलो आणि भर वाऱ्यात जाम झालो. होडी खडकावर गेली. भगवंतचा पाय होडी आणि खडक यांच्यामध्ये चिरडला. दोष शेवाळाचा, बदनामी माझी! पण खलाशांना कोण समजावणार? दादू त्यांच्यात सगळ्यात जुना. त्याने सरळ सांगितलं, "भगवंता, ह्या इंजिनावर आमचा इस्वास नाय. आमी नाय येणार." तो गेला आणि त्याच्यामागे बाकीचेही गेले. खलाशांशिवाय डोलीचं, म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जड जाळं ओढणार कोण? होडी वाळूवर पडून राहिली. घराची चूल त्या होडीवर पेटत होती, मित्रांनो.

भगवंतचा धाकटा भाऊ पुंडलिक तापट, पण कामाचा. त्याने ठरवलं, शिमग्याच्या शर्यतीत होडी उतरवायची. सगळ्या गावासमोर इंजिन धावलं, तर खलाशी परत येतील. त्याने मला बैलगाडीत घातलं आणि बोईसरला कमलाकांत मिस्त्रींकडे नेलं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. मिस्त्रींच्या वर्कशॉपसमोर लॉऱ्यांची रांग असायची आणि ड्रायव्हरांची हिंदी बडबड. तरी मिस्त्रींनी मला हाती घेतलं. जाम होताना माझ्या सिलिंडरांत उभे ओरखडे पडले होते. बोरिंगच्या यंत्राने ते पार जाईपर्यंत मला आतून कातलं, मोठे पिस्टन आणले. मग होनिंग! दगडाच्या पट्ट्या सिलिंडरात फिरत वर-खाली होतात आणि भिंतीवर बारीक रेघांच्या फुल्या काढतात. गुदगुल्या आणि आग, दोन्ही एकदम. त्या रेघांत तेल धरून राहतं आणि पिस्टन तेलावर सरकतो. रेघा नसतील तर तेल टिकत नाही, लोखंडावर लोखंड घासतं आणि मी पुन्हा जाम.

पिस्टन आणि भिंत यांच्यात मिस्त्रींनी तीन थाऊची फट ठेवली. एका इंचाचे हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे थाऊ. "शर्यतीला म्हणून घट्ट ठेवलंय," ते पुंडलिकला म्हणाले. "याहून जास्त फट पडली तर जोर कमी होईल, धूर मारेल. होळीच्या दिवशी सकाळी येतो आणि जोडून देतो. तोवर झाकून ठेव."

मला झाकून अंगणात ठेवलं. होळी जवळ आलेली. रत्नाबाई तांब्या-पितळेची भांडी घासत होती. सहज तिने माझ्यावरचं गोणपाट उचललं, आत डोकावली आणि तिचा चेहराच उतरला.

"अगो बाई, ओरखडे तसेच हायेत की!"

अहो, ते ओरखडे नाहीत! त्या रेघा माझा जीव आहेत! असं मी किती ओरडलो, पण बिडाच्या धडाला वाचा कुठली? ज्या ओरखड्यांनी नवऱ्याचा पाय घेतला, ते हेच, असं तिला वाटलं. तिने विटकरीची पूड घेतली, तेलात कालवली, काथ्याचा बोळा केला आणि घासायला लागली. एकेक रेघ पुसत होती आणि माझं काळीज पाणी पाणी होत होतं. शेवटी माकुल माशाच्या हाडाची भुकटी लावून तिने असा लखलखाट केला, की तिला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. किती खूश झाली बिचारी! मला तिचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

होळीच्या सकाळी मिस्त्री आले. गोणपाट उचललं आणि सिलिंडरात बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

"मी," रत्नाबाई म्हणाली. "चांगलं नाय झालं काय?"

मिस्त्रींनी समजावलं तसं तिने तोंडात पदर कोंबला. "माझ्या हातानंच घात केला मी!"

"घात अजून झालेला नाही," मिस्त्री म्हणाले. "पुन्हा रेघा काढता येतील. पण जितकं घासू तितकी फट वाढणार. मग पहिला नंबर विसरा."

पुंडलिक उसळला. "मग ऱ्हाऊ द्या चकचकीत! एका शर्यतीपुरतं चाललं तरी बास! हरलो तर कोण येल आमच्या होडीवर?"

"आणि मधेच जाम झालं तर?" मिस्त्रींनी विचारलं.

पायरीवर बसलेला भगवंत आपला आखडलेला पाय चोळत होता. रत्नाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग दिराकडे. "भावजी, नंबर नको मला. तुमी दोघं परत आलेले पायजेत. मिस्त्री, घासा!"

मिस्त्रींनी हातड्रिलला होन लावलं. रॉकेलची धार धरत ते घासायचे, गेज घालून मापायचे आणि मान हलवायचे. तीन सिलिंडरांत फट पाच थाऊवर थांबली, तिसऱ्यात सहा. "बस! आता केसभरही नको." मग रत्नाबाईने मला कढत साबणाच्या पाण्याने धुतलं. विटकरीचा एक कण राहिला तरी तो पिस्टन खाऊन टाकणार होता. पांढरं फडकं आत फिरवायची, डाग दिसला की पुन्हा धुवायची. फडकं पांढरंच बाहेर आलं, तेव्हा मिस्त्रींनी लगेच तेलाचा हात फिरवला आणि मला जोडून होडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी भरतीला शर्यत लागली. सुकाणूवर भगवंत, इंजिनाशी पुंडलिक, आणि इंजिनाचा आवाज ऐकायला मिस्त्री. मिस्त्री मूळचे आतल्या वाणगावचे, समुद्राची सवय नाही. खाडीत पोचेपर्यंत दोनदा ओकले, पण कान माझ्याकडेच.

बावटा पडला आणि आम्ही निघालो. मी भसाभस निळा धूर ओकत होतो. बाजूच्या होडीतून हसले, "पुंडलिका, शेगडी आणलीस काय?" पुंडलिकची कानशिलं लाल झाली. खोल पाण्यातल्या खांबाला वळसा घालून परतताना आमच्या पुढे नेमकी तीच हसणारी होडी. पुंडलिकने वेगाचा लिव्हर पुढे रेटला. मी झेप घेतली, अंतर तुटत चाललं. पण पिस्टनवरच्या माझ्या रिंगा नव्या, अजून घासून भिंतीला नीट बसलेल्या नाहीत. तिसरं सिलिंडर तापायला लागलं. समोर खाडीचं तोंड. तेच खडक!

"आवाज बदलला!" मिस्त्री ओरडले. "कमी कर!"

"अजून थोडं! गाठतो त्याला!"

"पुंडल्या!" भगवंतचा आवाज फुटला. "माझा एक पाय गेला तेवढा पुरं! अर्ध्यावर आण!"

पुंडलिकने दात-ओठ खाल्ले आणि लिव्हर मागे ओढला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सगळ्या होड्या पुढे गेल्या. खडक बाजूने सरकत गेले, मी खोकत राहिलो, धूर सोडत राहिलो, पण थांबलो नाही. शेवटच्या नंबराने आम्ही किनाऱ्याला लागलो. ताशे दुसऱ्याच होडीपुढे वाजत होते.

पुंडलिक मला बंद करायला वाकला. तेवढ्यात कमरेइतक्या पाण्यातून दादू आला. "थांब. चालू ऱ्हाऊ दे."

तो होडीत चढला. त्याने आपला जाड पंजा माझ्या अंगावर टेकवला आणि तसाच ठेवला. किती वेळ! माझं प्रत्येक सिलिंडर त्याच्या तळव्याखाली धडधडत होतं. किनाऱ्यावर रत्नाबाई हात जोडून उभी होती.

"गरम हाय," दादू म्हणाला, "पण हात ठेवता येतो." मग तो भगवंतकडे वळला. "जिंकनारे लई बघितले. खडकांपाशी लिव्हर मागं घेनारा आज बघितला. उद्या निघताना हाक मार. पोरांना मी सांगतो."

त्यानंतर चार वर्षं मी त्या होडीत राबलो. दादू रोज निघण्याआधी मला हात लावून बघायचा आणि त्याच्यामुळे बाकीचेही. तर मित्रांनो, तुमच्या घरी पंप असो, शिवणयंत्र असो, साधी सायकल असो, दिवसातून एकदा तिला हात लावा. तापली आहे का, थरथरते आहे का, बघा. आम्हाला बोलता येत नाही हो, आणि तुमची माणसं आमच्या भरवशावर दूर गेलेली असतात.