सुकाचा पट्टा, माझं मनगट

माझ्या नवऱ्याच्या, सुकाच्या, काळजात डॉक्टरांनी पावसाआधी एक यंत्र बसवलं. औषधाच्या कॅप्सूलएवढं. त्याला वायर नाही. काळजाचे हालहवाल ते मनगटावरच्या पट्ट्याला कळवतं, आणि तेही हवेतून नाही, सुकाच्याच अंगातून. प्रकार नवा आहे, अजून पारखून बघतायत. बोईसरच्या दवाखान्यातला इंद्रजीत समजावून सांगत होता, "काका, तुमचं अंग हीच वायर."

"म्हंजे मी विजेचा खांब?" सुका म्हणाला.

"खांब बरा," मी म्हटलं. "एका जागी उभा तरी राहतो."

पट्ट्यावर बारीक दिवा आहे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे दमानं घ्या, लाल म्हणजे तिथल्या तिथे बसा. यंत्राचा निरोप मिळाला नाही की पट्टा ओरडत सुटतो. डॉक्टर म्हणाले होते, नाचायचं तर पट्टा बांधूनच.

नवं भात घरात आलं आणि आमच्या बेटेगावात जानूनं तारपा फुंकला. तारपा वाजताना सुकाला घरात ठेवणं म्हणजे सुकट भाजताना मांजराला निजवणं. गेल्या साली याच फेरात तो पोत्यासारखा कोसळला होता. तो ते विसरला होता, मी नव्हते विसरले.

रिंगणाशी पोचल्यावर त्यानं पट्टा काढला आणि माझ्या मनगटावर चढवला.

"हे काय?"

"लाल झाला तर सगळ्यांदेखत म्हातारा ठरंन."

"आन् नाय झाला तर कोन तरना म्हननार हाय?"

"हात तो हात. त्याला काय कळतं!" म्हणत तो फेरात शिरलासुद्धा.

पट्ट्याला बरोबर कळलं. तो असा बोंबलला की पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "कमळीवयनी, पदराखाली कोंबडा आणलास काय?"

पट्टा परत द्यायला मी धावले आणि सुकाचा हात धरला. ओरडणं बंद. दिवा हिरवा. हात सोडला, पुन्हा बोंब. धरला, गप्प. त्याच्या काळजाचा निरोप त्याच्या हातातून माझ्या हातात येत होता. एवढी वर्षं "बरं वाटतं ना?" विचारलं की "हां" पलीकडे या माणसाकडून काही निघालं नाही. आज न विचारता सगळं कळत होतं.

तेवढ्यात माझा दुसरा हात कुणीतरी धरला. फेर जुळला. आता पट्टा काढणार कशानं? मीही नाचायला लागले.

तारपा चढला. सुका पोरांसारखा पाय आपटत होता. दिवा पिवळा झाला. पिवळ्यात तांबूस दिसायला लागलं. याला फेरातून ओढून काढावं, तर महिनाभर घराबाहेर तोंड काढणार नाही. न काढावं, तर...

"जानूभाऊ, हळू वाजव रे!" मी ओरडले. "माझा गुडघा गेला!"

जानूचे गाल वाऱ्यानं भरलेले, त्याला टोमणा मारता येईना. त्यानं नुसते डोळे वटारले आणि चाल उतरवली. टोमण्यांची कसर बाकीच्यांनी भरून काढली. सगळ्यांत मोठा आवाज सुकाचा. "मी घरीच बोललो हिला, तू बस. ऐकते कुठं!"

मी त्याच्या हातात नख रुतवलं. दिवा हळूहळू हिरवा झाला.

दोन फेर झाले. सुका माझ्या कानाशी वाकला.

"कमळे, गुडघा दुखतो का अजून?"

"का रे?"

"नाय, दुखत असंल तर... सांग ना जानूला, आजून जरा हळू."

मी सांगितलं.