फुटक्या कवचांचे माप

मित्रांनो, मी एक जुना जाडीमापक आहे. अंड्याच्या कवचाची जाडी मोजणे हेच माझे काम. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला पितळेतून घडवले. अंड्याला पाडलेल्या भोकातून आत जाईल अशी बारीक, वाकडी सोंड त्याने मला दिली. केसाएवढा फरकही माझ्यापासून लपत नाही, याचा मला भारी तोरा होता.

तळ्याकाठच्या पक्षी संग्रहालयात मी पक्षीवाल्या सरांच्या टेबलावर आलो. तेव्हा काठावर मासेमार गरुडांची अकरा घरटी होती. पुढे आसपासच्या फळबागांत कीड मारणारी पांढरी पावडर फवारू लागले. ती पाण्याबरोबर तळ्यात उतरे आणि काही केल्या नाहीशी होत नसे. शेवाळातून इवल्या माशांत, त्यांच्यातून मोठ्या माशांत जाताना ती दर पायरीला अधिक साठे आणि शेवटी गरुडाच्या चरबीत मुक्काम ठोके. घरटी तीनवर आली.

पावडरीमुळे अंड्यांची कवचे पातळ होतात, असा संशय होता. ती चालू ठेवायची की बंद करायची, हे सरांच्या अहवालावर ठरणार होते. संग्रहालयाचा नावाडी घरट्यांतली न उबलेली अंडी कापसात गुंडाळून आणी. त्यातली अखंड अंडी सर माझ्याकडे देत. मी छातीठोकपणे सांगे, कवच चांगले जाड आहे. सरांनी तसे दोनदा लिहिले आणि फवारणी चालूच राहिली. माझे कौतुक झाले, मला मखमली पेटी मिळाली.

तिसऱ्या अहवालाच्या वेळी केर काढणाऱ्या मावशी टेबलाशी थांबल्या.

“सर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा की, मावशी.”

“तुम्ही धड अंडी तेवढी मोजता. फुटलेली सगळी माझ्या सुपलीत येतात. ती का नाही मोजत?”

“अहो, तुकड्यांचं काय मोजायचं? अंडं फुटलं म्हणजे नमुना वायाच गेला की...” बोलता बोलता सरांची नजर सुपलीकडे गेली.

मग त्यांनी सुपलीतला एक तुकडा उचलून माझ्या सोंडेत धरला. माझा काटा कधी नव्हे इतका खाली गेला. दुसऱ्या तुकड्याचे तेच, तिसऱ्याचेही तेच. आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने पातळ कवच फुटत होते. जाड होती तेवढीच अखंड उरत आणि माझ्यापर्यंत पोचत. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“मावशी, मी दोनदा चुकीचं लिहिलं,” सर म्हणाले.

“मग आता बरोबर लिहा,” असे म्हणून मावशींनी सुपली टेबलावरच ठेवली.

पावडर बंद झाली. पण गाळात बसलेली कुठे जाणार? दोन घरटी ओस पडली. उरलेल्या एकात सहा वर्षांनी पिल्लू झाले. दुर्बिणीतून ते पाहताना सरांचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, पाण्यात काही सोडण्याआधी ते कुणाकुणाच्या पोटात जाईल याचा विचार करा. आणि कधी मोजायला बसलात, तर जे तुमच्या टेबलापर्यंत पोचलेच नाही त्याचीही चौकशी करा. माझा काटा आयुष्यात एकदाही खोटे बोलला नाही. तरीही त्या दोन घरट्यांचा मी गुन्हेगार आहे.