एकटी चिलटं

माझा मुलगा नेनाद मला ऑस्ट्रियात लिंझला, त्याच्या घरी न्यायला टपला होता. "आई, एकटं माणूस लवकर जातं," असं तो दर रविवारी फोनवर ऐकवायचा. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. कोणी म्हणालं म्हणून मान डोलावणाऱ्यांतली मी नाही.

"प्रयोग करते," मी म्हणाले. "एकटेपणाने आयुष्य घटलं तर घर विकून येते. नाही घटलं तर तो विषय बंद."

चिलटं दोनेक महिन्यांत जन्म उरकतात, आणि इकडे सर्बियात, आमच्या वाल्येवोत आलुबुखार पिकले की ती शोधावी लागत नाहीत.

प्रयोग मी डोळ्यांत तेल घालून आखला. सगळी चिलटं एकाच बरणीतली, एकदमच कोषातून निघालेली. फ्रीजमध्ये सुस्त करून बशीत ओतली आणि काळ्या बुडाचे नर तेवढे वेचले. माद्या ठेवल्या की अंडी, अंडी आली की गोंधळ. निम्मे नर घोळक्याने मोठ्या बाटल्यांत, निम्मे छोट्या बाटल्यांत एकेकटे. तोंडाला कापूस. सगळ्यांना तीच मक्याच्या पिठाची लापशी, तीच खिडकी, तीच ऊब. फरक फक्त सोबतीचा.

खरं सांगते, मला जायचंच नव्हतं. माझा नवरा द्रागिशा गेल्यापासून घर खायला उठायचं. पण संध्याकाळी समोरच्या घरात ओब्राद सरांचा दिवा लागायचा, मग मी माझा लावायचे. ते आमच्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. बायको गेल्यापासून तेही एकटेच. ते खिडकीतून हात हलवायचे, मी हातातला झारा. एवढ्यावर माझा दिवस निभायचा.

आणि चिलटं माझ्या बाजूने होती. घोळक्यातली जशी जात होती तशीच एकेकटी. आधी कोणी नाही. मी मनातल्या मनात नेनादला चीत केलं.

मग संत लूकाचा दिवस आला, आमच्या घराण्याचा सण. त्याला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला आठवण असते तो येतो. मी मेणबत्ती लावली, गहू शिजवून त्यात साखर-अक्रोड घातले, पाव भाजला आणि उगाचच पुष्कळ पेले मांडले. दुपार कलली तरी दार वाजलं नाही. वाजलं तेव्हा दारात ओब्राद सर होते.

"काय हो बाई, यंदा पाहुणे म्हणून चिलटं का?"

"निदान वेळेवर तरी आलीत. बसा."

त्यांनी चमचाभर गहू खाल्ले आणि खिडकीशी वाकले. मी जरा तोऱ्यातच सगळं समजावलं.

"ही एकटी?" त्यांनी विचारलं.

"एका बाटलीत एक. चष्मा कुठंय तुमचा?"

"मला दिसतंय. त्यांनाही दिसतंय की. काच आहे, बाई! शेजारचा दिवसभर समोर. मध्ये पुठ्ठा नको?"

वर्षानुवर्षं पोरांच्या प्रयोगांतल्या चुका काढल्या, आणि स्वतःच्या दिव्याखाली हा अंधार!

वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. पेला नुसता फिरवत राहिले.

"मुलगी मला न्यायला येतेय," ते म्हणाले. "तिच्याकडे, नोवी सादला. उद्या."

"उद्या? आणि हे आज सांगताय?"

"रोज सांगायचं ठरवायचो. मग तुमचा दिवा लागायचा आणि राहून जायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोर अंधार होता. मी तशीच बसून राहिले. माझाही दिवा लावायचं सुचलं नाही. शेवटी उठले, लावला, साखरेच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि दोन बाटल्यांच्या मध्ये घातला. प्रयोग नीट करायचा तर एवढं करायलाच हवं होतं. अलीकडचं चिलट पुठ्ठ्याकडच्या काचेवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. कदाचित ते तसं रोजच करत असेल. मला मात्र बघवेना. मला रडू फुटलं. पुठ्ठा काढून टाकला आणि नेनादला फोन लावला.

"प्रयोग चुकला," मी म्हणाले. "तुझ्या खिडकीतून समोर काय दिसतं रे?"

"भिंत. का गं? पण आम्ही घरात असतो ना, आई."

"कधी?"

"कामावरून आलो की. संध्याकाळी."

"संध्याकाळ चालेल," मी म्हणाले.