होकाराची तालीम

वकिलातीतली मुलाखत परवावर आली होती आणि हिची काहीच तयारी झालेली नाही, असं मला वाटत होतं. म्हणून दुपारची भांडी घासून झाल्यावर मी तालमीचं काढलं.

आम्हा दोघांना कायमचं परदेशात स्वतःकडे न्यायचं म्हणून लेकीने अर्ज केला, त्याला बरेच महिने झाले. कागदपत्रं बघणाऱ्या एजंटने सांगितलं होतं, "काका, साहेब काचेच्या पलीकडे असतो. माइकवरून बोलतो. शेजारी दुभाषी असतो, पण दोघंही कॉम्प्युटरकडे बघत विचारतात. काकूंना जरा सवय लावून ठेवा."

घरात काच म्हणजे गॅलरीचं सरकतं दार. हिला आत वेताच्या खुर्चीवर बसवलं. मी बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांत उभा राहिलो, चार बोटं फट ठेवून दार ओढलं आणि प्रश्नांचा कागद डोळ्यांपुढे धरला. चष्म्याचा नंबर वाढलाय, कागद अगदी नाकाला लागतो.

"साहेब आले का?" ही आतून म्हणाली. "पायजम्यातले?"

मी घसा खाकरून नाव विचारलं. तिने सांगितलं. जन्मतारीख, लेकीचं गाव, जावयाची नोकरी, सगळं कागदावरच्या क्रमाने बरोबर आलं. मग मी मधल्या काही ओळी गाळून पुढे गेलो.

"तुम्हाला कधी तुरुंगवास झाला आहे का?"

"हो," ती हसून म्हणाली.

मीही हसलो. म्हटलं, आमच्या लग्नाबद्दल म्हणत असेल. "साहेबाला थट्टा चालत नाही हं. कधी खोटी कागदपत्रं दिली आहेत का?"

"हो."

मला शंका आली. पण शंका मला कशाचीही येते, त्यामुळे माझ्या शंकेवर माझाच विश्वास नसतो. कागद तसाच तोंडासमोर ठेवून मी मोठ्याने विचारलं, "स्वयंपाकघरात हत्ती शिरलाय का?"

"हो," ती म्हणाली आणि अदबीने भर घातली, "साहेब."

दार सरकवून मी आत आलो आणि तिच्यासमोर स्टुलावर बसलो.

"तुला ऐकू येत नाही?"

"येतं की. तोंड दिसलं की येतं."

"कधीपासून?"

खुर्चीच्या हाताची सुटलेली वेताची पट्टी ती आत खोचत राहिली. "असं एकदम कुठे जातं ते. हळूहळू."

रोज संध्याकाळी मी तिला पुस्तक वाचून दाखवतो. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे मोठ्याने वाचल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, घरात पुस्तक उघडलं की मिटत नाही. ती समोर भाजी निवडत बसते आणि नेमक्या जागी 'हं' म्हणते.

"मग मी वाचतो ते?"

"पुस्तक तोंडापुढे असतं तुमचं."

"मग हं हं कशाला म्हणत होतीस?"

"तुम्ही दम घ्यायला थांबता ना, तिथे म्हणायचे. इतके रंगून वाचता. मधेच थांबवून काय सांगू, ओठ दिसत नाहीत म्हणून?"

मला वाईट वाटलं. वाईट वाटून घ्यायचा मला हक्क आहे का, तेही कळेना. पण परवाचं काय? तिथे साहेबाचं तोंड माइकआड, वर काचेवर दिव्याची चकाकी. एखादा भलताच 'हो' गेला की अर्ज फेटाळला जाणार, आणि हे घर तर आम्ही विकून बसलो होतो. महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्या होत्या.

"आपण आधीच सांगू त्यांना, कानाचं," मी म्हणालो. "लिहून विचारतील."

"बहिरी म्हणून नाही म्हणाले तर?"

"नाही म्हणणार. बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली. "तुमचं सगळं मेलं बहुतेक." मी तो शब्द अगदी पुटपुटलो होतो. तिने तो ओठांवरून टिपला.

तेवढ्यात मला दुसरंच आठवलं. लेकीने विचारलं होतं ते फोनवर. फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला होता. 'आई, कायमची येशील ना माझ्याकडे?' आणि ही लगेच 'हो' म्हणाली होती. मी तोवर गप्प होतो. आपल्याला काय हवंय ते मला कधी पटकन कळत नाही. हिचा होकार ऐकला आणि वाटलं, हिची तयारी आहे तर आपण कोण मोडता घालणार. तिथून सगळं सुरू झालं.

"लेकीने फोनवर विचारलं, तेव्हा काय ऐकलंस तू?"

"काही नाही. म्हटलं, जेवलीस का विचारत असेल. रोज तेच तर विचारते."

"आणि नंतर कळलं तेव्हा?"

"तो एजंट फोटो काढायला घेऊन गेला तेव्हा कळलं. तोवर तुम्ही पुस्तकं वाटायला काढली होती. मी म्हटलं, पुस्तकं देऊन टाकतायत म्हणजे ह्यांना मनापासूनच जायचं असणार. मग कशाला बोला."

मी पुस्तकं काढली होती ती तिच्या 'हो'मुळे, ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

"चला, पुन्हा घ्या," ती म्हणाली. "आणि तो कागद खाली ठेवा."

मी बाहेर गेलो. या वेळी दार पूर्ण ओढून घेतलं. माझं तोंड दिसावं म्हणून आडवे आलेले ओले टॉवेल बाजूला सारले. कागद खिशात घातला. शेवटचा प्रश्न मला पाठच होता. एजंटने त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि बजावलं होतं, इथे अडखळायचं नाही काका, लगेच हो.

"तुम्ही तिथे कायमच्या राहायला जात आहात का?" एकेक शब्द ओठांनी नीट घडवत मी विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. प्रश्न पूर्ण पोचला होता, काचेतूनही ते कळत होतं. तिने भिंतीतल्या पुस्तकांच्या रिकाम्या कपाटाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. ओठ हलले नाहीत.

साहेब इतका वेळ थांबणार नाही, हे मला माहीत होतं. मी थांबलो.