मेणबत्तीतली बॅटरी

"त्या झाकणाला चिकटपट्टी लाव बाई. नखानं उघडतंय ते."

आरोग्य उपकेंद्राच्या मीना सिस्टर घरी आल्या होत्या तेव्हा बुद्धमूर्तीपुढच्या बॅटरीच्या मेणबत्त्या पाहून म्हणाल्या. प्रियदर्शनी नुसती हसली. बी.एस्सी. झालेली ती, लेकराच्या काळजीचं तिला कोणी काय शिकवावं? अक्षता रांगायला लागली त्या दिवशीच तिनं खऱ्या मेणबत्त्या बंद केल्या होत्या. पोळेल, पेटेल, ही भीती. "वंदनेला खरी ज्योत पाह्यजे पोरी, हे काय खेळणं!" सासरे साहेबराव कुरकुरले. तिनं ऐकलं नाही. उलट पिंपळगावात आणखी चार घरांना तिनंच त्या घ्यायला लावल्या.

अक्षता अडीच वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. सकाळची वंदना आटोपून नवरा शाळेवर गेला. प्रियदर्शनी कपडे वाळत घालून आत आली तर पोरगी मेणबत्ती उलटी धरून बसलेली. झाकण उघडं, आतली नाण्याएवढी चपटी बॅटरी गायब. तोंडातून लाळ गळतेय आणि हात छातीवर.

साहेबराव मिठाचं पाणी घेऊन धावले. "ओकारी काढू, पडंल भाईर."

तिनं मीना सिस्टरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"ओकारी बिलकुल नको!" सिस्टर ओरडल्याच. "गिळता येऊन राह्यलं ना तिला? मंग मध दे. दोन चमचे, दर दहा मिन्टाला, सहा वेळा. आन् जल्दी गाडी काढा, सरळ संभाजीनगर. घशातून घालून बॅटरी काढायची दुर्बीण तिथंच हाय. मी कळवते त्यांना."

दुर्बीण म्हणजे भूल आलीच. भूल द्यायची असली तर पोटात काही नको, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मामांच्या हर्नियाच्या वेळी घोटभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

"ताई, पण उपाशी ठेवायला पाहिजे ना?"

"तो नियम मला बी पाठ हाय, अठरा वर्षं झाले! ही बॅटरी थांबत न्हाई गं. दोन तासांत अन्ननलिका जाळती. मध तिच्यावर थर धरतो. डुकराच्या पिलांवर करून पाह्यलं परदेशातल्या डॉक्टरांनी, मंग नियम बदलला. ट्रेनिंगात सांगितलंय. लेकरू वर्षाच्या वरचं हाय, वाद घालू नको, दे!"

शेजारच्या मल्हारीनं पिकअप काढली. मधाची बाटलीही त्याच्याच घरची, बांधावरच्या पोळ्याची. भोकरदन मागं पडलं. मिठाचं पाणी घेऊन धावलेले साहेबराव आता मनगटावरच्या घड्याळावरून नजर काढेनात. "झाले दहा. दे पोरी." प्रत्येक चमच्याला प्रियदर्शनीला वाटे, आपण चूक तर करत नाही ना?

दवाखान्यात सगळे तयारच होते. एक्स-रेत नाण्यासारखी गोल, दुहेरी कडेची बॅटरी दिसली. दुर्बिणीनं ती काढून थोड्या वेळानं तरुण डॉक्टरीण बाई बाहेर आल्या.

"मध कोणी दिला?"

"चुकलं का माझं?"

"नाही हो. आतून लाल झालंय, पण खोल जळलेलं नाही. सगळं मधाचं श्रेय असं मी म्हणणार नाही, तुम्ही वेळेत आलात. मध देऊन घरी बसला असता तर..." आत जाताना त्या वळल्या. "त्या सिस्टरांना माझा नमस्कार सांगा. हे आमच्यातल्याही काहींना अजून माहीत नाही."

आठवड्यानं प्रियदर्शनी उपकेंद्रात गेली, तेव्हा सिस्टरांनी वही दाखवली. जुन्या नियमावर एक सरळ रेघ, खाली नवा नियम, तारीख. अठरा वर्षं पाठ असलेलं एका रेघेत खोडणारी ही बाई, आणि आपल्याला साधी चिकटपट्टी जड झाली होती! ती सिस्टरांच्या पाया पडायला वाकली. "ऊठ, आधी ती चार घरं कर," त्या म्हणाल्या.

चारही घरांत तिनं स्वतः चिकटपट्टी लावली. पाचवं राहिलं. प्रीती, तिची कॉलेजची मैत्रीण, वाटूरला दिलेली. तिच्या लेकराच्या पहिल्या वाढदिवसाला प्रियदर्शनीनंच तसल्या दोन मेणबत्त्या पाठवल्या होत्या. फोन चार दिवस बंद लागतोय. म्हणून प्रियदर्शनीचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: वाटूरकडं जाणं झालं, तर प्रीतीच्या घरात डोकवा. मेणबत्त्यांची झाकणं बघा. लेकरू आता चालायला लागलं असेल.